जनीचे गाव, गंगूबाईची फीत

परभणी-परळी रेल्वेमार्गावरचे, गोदावरीच्या काठचे गंगाखेड वारकऱ्यांच्या लेखी एका दासीचे माहेर आहे. परंपरा सांगते ती हकीकत थोडक्यात अशी: तेराव्या शतकात इथे दमा आणि करुंड या जोडप्याच्या पोटी जनी जन्मली. लहानपणीच ती पंढरपुरात दामाशेटी शिंप्याच्या घरी कामाला राहिली, त्या घरच्या नामदेवाच्या मागोमाग आयुष्यभर चालली आणि १३५० साली त्याच्याबरोबरच समाधिस्थ झाली. तिने दळले, कांडले, पाणी भरले, शेणी वेचल्या आणि हे करता करता ती गायली. तिच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग मिळतात. तिच्या हातचा एकही कागद मात्र मागे राहिलेला नाही. आपल्यापर्यंत पोचलेली सगळी जनाबाई तिच्या माघारी इतरांनी पोचवलेली आहे.

याच परभणी जिल्ह्यात, गंगाखेडच्या ईशान्येला, आज पूर्णा तालुक्यात मोडणारे ताडकळस नावाचे गाव आहे. ७ एप्रिल १९९६ रोजी तिथे पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईसमोर ध्वनिमुद्रणाचे यंत्र ठेवले गेले. पुढच्या वर्षी, ५ फेब्रुवारी १९९७ रोजी, तिची गाणी पुन्हा मुद्रित झाली. बाईचे नाव गंगूबाई अंबोरे. बऱ्यापैकी शेती असलेल्या घरातल्या. पण घर सुटले आणि त्या गावातल्या देवळात राहू लागल्या. त्यांनी जात्यावरच्या ओव्या गायल्या, वनवासातल्या सीतेच्या. रानात एकटी पडलेली सीता रडते आहे, आणि तिची समजूत घालायला माणूस कुणी नाही, बोरी-बाभळीच बायका होऊन तिच्याजवळ आल्या आहेत. गाणाऱ्या बाईचा आवाज थकलेला आणि दुखरा आहे. ती सीतेची कथा सांगते आहे की स्वतःची, हे ऐकणाऱ्याला वेगळे काढता येत नाही.

हा आवाज लोकांसमोर यायला २०१७ साल उजाडले. मधली वीस वर्षे तो फितीत होता.

जनी आणि गंगूबाई यांच्यात साडेसहाशे वर्षांचे अंतर आहे. पण गाणे कामातून जन्मते, गाणारीला लिहिता येत नाही आणि ते कुणी लिहून घेतले नाही तर तिच्याबरोबर संपते, ही गोष्ट दोघींच्या बाबतीत सारखीच. फरक पडतो तो लिहून घेणाऱ्याने नाव कसे आणि कुठे नोंदवले यात.

लिहून घेणारा पांडुरंग

कोणत्या संताची कविता कोणी लिहून घेतली, याची एक यादीच वारकरी परंपरेत आहे. ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतली, चोखामेळ्याचे अभंग अनंतभट्टांनी. जनाबाईच्या नावापुढे मात्र माणूस नाही, देव आहे. जनीचे बोल स्वतः पांडुरंग लिहून घेतो. भाविकांसाठी हा तिच्या भक्तीचा मान आहे. इतिहासाच्या बाजूने वाचले, तर त्या यादीत एक रिकामी जागाही दिसते. गावकुसाबाहेरच्या चोख्यालाही लेखक मिळाला. घरातल्या दासीपुढे दौत-टाक घेऊन कुणी बसला, असे परंपरेलाही सांगता आले नाही. मग ते काम देवाकडे द्यावे लागले.

तरीही जनी टिकली, आणि त्याचे पहिले श्रेय तिचे तिलाच जाते. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीने आपले नाव गुंफायचे, ही नाममुद्रेची रीत तिने वापरली. आपण नामदेवाची दासी आहोत हे तिने इतक्या वेळा आणि इतक्या ठासून सांगितले, की चाकरीची ओळख हीच तिची सही झाली. कीर्तनकाराने अभंग उचलला की सही बरोबर जायची. बाडात उतरवून घेणारा ती गाळू शकत नव्हता, कारण ती गाळली तर चरणच मोडायचा. नामदेवाच्या गाथ्यांबरोबर तिचे अभंग वह्यांतून फिरले, एकोणिसाव्या शतकात छापखान्यात गेले, आणि १९७० साली महाराष्ट्र शासनाने नामदेवांच्या सातशेव्या जन्मवर्षाच्या निमित्ताने गाथा काढली, तोवर ती मराठी शाळांच्या पुस्तकांतही पोचलेली होती. १९४९ साली तिच्यावर चित्रपट निघाला. ‘संत जनाबाई’मध्ये तिची भूमिका हंसा वाडकरांनी केली.

नाममुद्रेचा एक तोटाही झाला. प्रसिद्ध नावाखाली इतरांची रचना येऊन बसते, आणि जनीच्या नावावरचे सगळेच अभंग एका हातचे नाहीत, असे अभ्यासक मानतात. कोणत्या ओळी तिच्या आणि कोणत्या मागाहून आल्या, हे आता नेमके ठरवणे अवघड आहे. पण तिच्या नावाखाली गाण्याची इच्छा लोकांना झाली, हीसुद्धा तिची एक मिळकतच म्हणायची.

काळी माती, कापूस आणि गाणे

जनाबाईचे नाव अमेरिकेतल्या ब्लूज गाण्याच्या शेजारी ठेवणे काहींना ओढूनताणून वाटेल. एका मोठ्या मराठी कवीने मात्र ते सहज ठेवले होते. आपल्यावर कुणाकुणाचा प्रभाव आहे, असे विचारल्यावर अरुण कोलटकरांनी एक लांबलचक यादी दिली होती. तिच्यात ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांच्याबरोबर जनाबाई आहे, बहिणाबाई चौधरी आहे, पठ्ठे बापूराव आहेत, आणि त्याच यादीत रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, जॉन ली हूकर हे ब्लूज गाणारेही आहेत. कोलटकरांनी जनाबाईचे अभंग इंग्रजीत नेले. २५ सप्टेंबर २००४ रोजी ते गेले, आणि त्यांचे असे विखुरलेले काम ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ या पुस्तकात २००९ साली, म्हणजे त्यांच्या माघारीच, एकत्र आले.

या यादीतला रॉबर्ट जॉन्सन मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातला. १९३६ साली सॅन अँटोनिओत आणि १९३७ साली डॅलसमध्ये त्याने मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली. १९३८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो वारला. तेव्हा त्याला मोठ्या शहरांत फारसे कुणी ओळखत नव्हते. कोलंबिया कंपनीने १९६१ साली त्याच्या गाण्यांची लाँगप्ले तबकडी काढली, ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’, आणि पुढच्या पिढीचे रॉक संगीत तिच्यावर पोसले.

मिसिसिपीची काळी माती कापसाची आणि परभणीचीही. तिकडच्या मातीवर राबणारी माणसे गुलामगिरीतून आलेली होती. इथल्या राबणाऱ्या बाईची चाकरी जातीने, हुंड्याने आणि सासरने ठरवलेली. दोन्हीकडे गाणे आधी कामाच्या लयीला बांधलेले होते. मंच, तिकीट, तबकडी हे सगळे नंतरचे. ब्लूजच्या कडव्यात पहिली ओळ म्हटली जाते, तीच पुन्हा म्हटली जाते आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. पहिलीच ओळ दुसऱ्यांदा गाताना गाणाऱ्याला तिसरी सुचायला उसंत मिळते. जात्यावरही असेच चालते. दोघी समोरासमोर बसतात, खुंट्याला दोघींचे हात. एक ओळ टाकते, दुसरी ती उचलते, आणि तेवढ्यात पहिलीच्या डोक्यात पुढची जुळते. चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. गळा गावागावाला वेगळा, कधी एकाच गावात घराघराला वेगळा.

गाण्याला इतका वेळ मिळायचा, कारण दळणच तेवढे असे. मराठवाड्याचे रोजचे अन्न ज्वारीची भाकरी. ज्वारीचे पीठ साठवून चालत नाही. ते शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना फाटते. म्हणून दळण रोजचे, पहाटे तांबडे फुटण्याआधीचे. सुपातले दाणे मुठीने जात्याच्या तोंडात घालायचे आणि पाळ ओढत राहायची. घरातले पुरुष झोपलेले, सासू झोपलेली. चोवीस तासांत सुनेला मोठ्याने काही बोलता येईल अशी ही एकच वेळ, आणि जात्याची घरघर तिच्या शब्दांना आडोसा द्यायची. या ओव्यांत भाऊ, माहेर, विठ्ठल, सीता आहेतच. पण न पटलेला नवरा, दुष्काळ, मुलीच्या जन्माची काळजी, पोरकेपण हेही आहे. जनाबाईच्या अभंगात देव तिच्याबरोबर जाते ओढायला बसतो. पुढे मराठी बायकांच्या ओवीत तो ठिकठिकाणी येऊन बसला.

खेड्यात इंजिनाची, मग विजेची पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात सरकले. टाकी लावून द्यायला येणारा पाथरवट येईनासा झाला. बायकांचा जीव एका कष्टातून सुटला, याबद्दल कुणीही हळहळू नये. पण ज्या कामावर गाणे टांगलेले होते ते कामच गेल्यावर गाण्याला जागा उरली ती लग्नातल्या हळदीच्या दळणापुरती.

ओवीखाली नाव नाही

अभंगाला नाममुद्रा असते, ओवीला नसते. ओवी ही कुणीही उचलावी, आपल्या भावाचे, आपल्या गावाचे नाव घालून पुढे चालवावी अशी. त्यामुळे ज्यांनी ती पहिल्यांदा कागदावर आणली त्यांनीही ती ‘बायकांची’ म्हणूनच आणली. साने गुरुजींनी १९४०च्या सुमारास ‘स्त्री जीवन’चे दोन भाग प्रसिद्ध केले. खानदेश-कोकणातल्या घराघरांतून गोळा झालेल्या शेकडो ओव्या त्यांनी माहेर, सासर, भाऊबहीण अशा विषयांत लावल्या आणि त्यांवर मायेने लिहिले. पुढे सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीच्या पुस्तकांतून महाराष्ट्रभरच्या स्त्रीगीतांचा मोठा साठा उभा केला. हे काम झाले नसते तर आज हातात फार थोडे असते. पण ओवीखाली ती म्हणणाऱ्या बाईचे नाव देण्याची तेव्हा रीत नव्हती. ‘लोकगीत’ म्हटले की लोक आले, एकेकटी बाई मागे गेली.

एका बाईच्या बाबतीत निराळे घडले, आणि त्याला तिचा मुलगा कारण झाला. जळगावजवळच्या आसोद्यात २४ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. तरुणपणीच वैधव्य आले, शेती आणि मुलांचा संसार एकटीने ओढला. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्यांना गाणी सुचत आणि त्या ती म्हणत. मुलगा सोपानदेव हे स्वतः कवी. त्यांनी आणि नात्यातल्या एका तरुणाने त्यातली काही वहीत उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही संकोचत आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवली. अत्र्यांनी वाचली आणि हे लगेच छापले पाहिजे असा आग्रह धरला. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाली. कवयित्रीला जाऊन जेमतेम एक वर्ष झाले होते.

मराठीतले हे सर्वांत गाजलेले मरणोत्तर प्रकाशन. १९६१ सालच्या ‘मानिनी’ चित्रपटाने ती गाणी घरोघरी नेली, आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. पण या कथेची दुसरी बाजू लक्षात ठेवण्यासारखी आहे. वहीत जेवढे आले तेवढेच वाचले. जे त्या दिवशी कुणी लिहून घेतले नाही ते बहिणाबाईंबरोबर गेले. आणि ज्या बाईच्या पोटी कवी जन्मला नाही, जिच्या मुलाची अत्र्यांपर्यंत पोच नव्हती, तिची वहीच झाली नाही.

एक लाख ओव्या

अशा बायकांची वही करायचे काम पुण्यातल्या दोघांनी अंगावर घेतले. फ्रान्सहून येऊन इथे स्थायिक झालेले समाजशास्त्रज्ञ गी पॉइत्वाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर. मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या गरिबांच्या संघटनेत ते काम करत होते. बैठकांना येणाऱ्या बायका बोलायला लाजत. पण ओवी म्हणायची म्हटले की मोकळ्या होत. आपल्या आयुष्याविषयी त्यांना जे सांगायचे होते ते ओवीत आधीपासूनच होते. १९८०च्या दशकात संकलन सुरू झाले. शहरातून आलेल्या पाहुण्यांपेक्षा गावातल्याच कार्यकर्त्यांनी ते जास्त केले: कुणी आई, आत्या, शेजारीण यांच्या ओव्या हाताने उतरवून आणल्या. पुण्यातल्या ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेत त्या वर्गवारीने लावल्या गेल्या. १९९३ साली ‘इंडियन पीझंट विमेन स्पीक अप’ आणि १९९६ साली ‘स्टोनमिल अँड भक्ती’ ही या दोघांची पुस्तके त्या साठ्यातून आली.

या कामातली महत्त्वाची गोष्ट दिसायला अगदी कारकुनी आहे. प्रत्येक ओवीला विषयाचा क्रमांक दिला गेला, आणि त्याच्यासमोर ती म्हणणाऱ्या बाईचे नाव, तिचे गाव, तालुका नोंदला गेला. वर्षानुवर्षे चाललेल्या या नोंदींतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, हजारावर गावांतल्या तीन हजारांवर बायकांच्या. जनीच्या अभंगातली नाममुद्रा कवितेच्या आत होती. इथे ती नोंदवहीच्या रकान्यात आली, पण आली.

शब्द कागदावर येत होते, गळा येत नव्हता. ती उणीव बर्नार बेल यांनी भरून काढली. हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ भारतीय संगीताचे अभ्यासकही. तबल्याच्या बोलांच्या रचनेवर त्यांनी आधी काम केले होते. १९९०च्या दशकाच्या मध्यावर ते या प्रकल्पात आले, देवनागरीतल्या ओव्यांचा संगणकीय साठा उभा केला आणि शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण जमा झाले. त्याच लाटेत १९९६-९७ मध्ये मराठवाड्यात मुद्रणे झाली. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावला राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणकर यांनी भीमरावावरच्या ओव्या गायल्या. ज्या छंदात विठ्ठल आणि सीता येत होती त्यात आता बाबासाहेब, रमाबाई आणि बुद्ध आले होते. आणि ताडकळसला गंगूबाईंनी सीता गायली.

योगायोग असा की त्याच १९९६ सालाच्या जानेवारीत, २ आणि ३ तारखेला, वॉशिंग्टनमधल्या ‘ब्लूज अ‍ॅली’ नावाच्या क्लबात एक तरुण गायिका आपले गाणे ध्वनिमुद्रित करत होती. तिचे नाव इव्हा कॅसिडी. जॅझ, ब्लूज, लोकगीत, गॉस्पेल असे सगळे गाणारी. तिला नेमक्या कोणत्या खणात ठेवून विकायचे हे बड्या कंपन्यांना ठरवता आले नव्हते, म्हणून ती रोपवाटिकेत काम करून पोट भरत होती. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला, ३३व्या वर्षी, कर्करोगाने ती गेली. १९९८ साली तिच्या मुद्रणांतून ‘साँगबर्ड’ हा संग्रह निघाला. बीबीसी रेडिओवर तो वाजला, आणि २००१ साली ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. नंतरच्या ‘इमॅजिन’ आणि ‘अमेरिकन ट्यून’ या संग्रहांनीही तेच स्थान गाठले. जिवंतपणी जिला आपल्या शहराबाहेर फारसे कुणी ऐकले नाही तिच्या तबकड्या तिच्या माघारी लाखोंनी खपल्या.

कॅसिडीच्या मागे घरची माणसे होती, एक छोटी का होईना पण कंपनी होती, बाजार होता. ताडकळसच्या फितीमागे होती ती दोन-चार माणसांची चिकाटी. गी पॉइत्वाँ २००४ साली गेले, हेमा राईरकर २०१० साली. ज्यांनी ओव्या वेचल्या त्यांनाच त्या लोकांसमोर आलेल्या पाहायला मिळाल्या नाहीत. साठा बर्नार बेल यांनी सांभाळला. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ग्रामीण भारताचा ‘पारी’ हा संग्रह सुरू केला होता. त्याच्याकडे या ओव्या सोपवल्या गेल्या. नमिता वाईकर यांच्या पुढाकाराने, जितेंद्र मैड आणि आशा ओगले यांच्यासारख्या जुन्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन, मार्च २०१७ पासून त्या एकेक करून बाहेर येऊ लागल्या. मूळ आवाज, मराठी शब्द, इंग्रजी अनुवाद, आणि प्रत्येकीखाली बाईचे नाव, गाव, मुद्रणाची तारीख. गंगूबाई अंबोरे सुरुवातीच्या गायिकांपैकी एक होत्या.

काहींसाठी तोवर उशीर झाला होता. मुळशी तालुक्यातल्या लवार्ड्याच्या जाईबाई साखळे यांनी बाबासाहेबांवर उत्तम ओव्या गायल्या होत्या. त्या २०१२ साली वारल्या. त्याच तालुक्यातल्या नांदगावच्या शाहूबाई कांबळे २०१६च्या ऑगस्टमध्ये गेल्या. त्यांचा आवाज जगासमोर यायला काही महिनेच उरले होते. ज्या हयात होत्या त्यांपैकी काहींकडे ‘पारी’ची मंडळी पुन्हा गेली, तेव्हा आपणच वीस वर्षांपूर्वी गायलेल्या ओव्या त्यांना आठवत नव्हत्या. जाते थांबले होते, आणि गाण्याला आठवणीत धरून ठेवणारे दुसरे काही नव्हते.

शिळेवरचे नाव

ब्लूजची सम्राज्ञी म्हणवली गेलेली बेसी स्मिथ २६ सप्टेंबर १९३७ रोजी मोटार अपघातात गेली. तिच्या तबकड्यांनी कोलंबिया कंपनी तगवली होती. पण कंपनी तिला गाण्यामागे ठरावीक रक्कम देई, विक्रीतला वाटा देत नसे. फिलाडेल्फियाजवळच्या दफनभूमीत तिच्या थडग्यावर तेहेतीस वर्षे दगडच नव्हता. ऑगस्ट १९७० मध्ये तो बसला. खर्च दोघींनी वाटून घेतला. एक होती जॅनिस जॉप्लिन, बेसीला गुरू मानणारी गोरी गायिका. दुसरी हुआनिटा ग्रीन, जिने लहानपणी बेसीच्या घरी धुण्यापुसण्याचे काम केले होते. मालकिणीच्या नावाची शिळा तिच्या घरच्या मोलकरणीने उभारली. पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या दारी, जिथे जनी नामदेवाबरोबर समाधिस्थ झाल्याचे मानतात त्या नामदेवाच्या पायरीजवळ, उभे राहिलेल्या माणसाला या घटनेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. दोनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, जॉप्लिन गेली. तिचा ‘पर्ल’ हा शेवटचा संग्रह जानेवारी १९७१ मध्ये निघाला. त्यातले एक गाणे तिच्या आवाजाविनाच आहे, वाद्यांपुरते, कारण ते म्हणायला ती उरली नव्हती.

तबकडी असूनही बेसीचे नाव दगडावर यायला इतकी वर्षे लागली, तर नोंदवहीही नसलेल्या बाईचे काय होते ते वेगळे सांगायला नको. जनीने आपले नाव ओळीतच ठेवले, म्हणून ते सुटले. बहिणाबाईंचे नाव मुलाने राखले. गंगूबाईंचे नाव पुण्याच्या एका संस्थेने रकान्यात लिहिले. उरलेल्या हजारोंची गाणी ‘पारंपरिक’ या शब्दाखाली छापली जातात, लग्नाच्या ध्वनिफितींत वाजतात, एखाद्या चित्रपटात वापरली जातात, आणि ती कुणाची हे विचारायला जागा राहत नाही.

गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी, पूर्णा, जिंतूर या तालुक्यांत जात्यावर खरोखर दळलेल्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांची संख्या दर उन्हाळ्याला घटते. यंत्राची अडचण आता उरलेली नाही. १९९६ साली पुण्याहून जे न्यावे लागले त्याहून सोयीचे यंत्र गावातल्या प्रत्येक पोराच्या खिशात आहे. जनाबाईच्या नावाने गंगाखेडात महाविद्यालय आहे, तिथे मराठी शिकणारी मुले याच गावांतून येतात. त्यांनी आपल्या आजीला, चुलत आजीला, आळीतल्या म्हातारीला आधी विचारावे, ती हो म्हणाली तरच मुद्रण करावे. सुरुवातीला तिच्याच तोंडून तिचे नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव आणि दिनांक वदवून घ्यावा. एकाच ओवीचे दोन पाठ निघाले तर दोन्ही ठेवावेत, शब्द ‘शुद्ध’ करू नयेत. आणि मुद्रण झाले की दुसऱ्या कुणाला पाठवण्याआधी ते तिलाच ऐकवावे.